शेतातली लाकडी खोली आणि तहसीलदारांची नोटीस

उत्तर सोलापूर तालुक्यातील एका वाचकांनी आपली अडचण कळवली आहे. बार्शी रस्त्याच्या बाजूला त्यांची व त्यांच्या बहिणीची मिळून 52 आर वडिलोपार्जित जमीन आहे. वडिलांनी तिच्यावर साग, चिंच आणि कडुनिंब लावले, त्याचे आता दाट बन झाले असून पलीकडे वनखात्याचे माळरान लागते. निवृत्तीनंतर वाचकांनी एका सुताराला हाताशी धरून या बनात स्वतः एक लाकडी खोली उभी केली. काळ्या दगडाचे 18 बाय 12 फुटांचे जोते, समोर त्याच जोत्यावर 4 फुटांची ओसरी, सागाचे खांब, वर पत्रा, असे तिचे स्वरूप आहे. आतून फळ्या मारणे, शौचालयाचा शोषखड्डा आणि वीज एवढे काम बाकी असताना महसूल अधिकाऱ्यांनी पंचनामा केला, आणि विनापरवाना अकृषिक वापराबद्दल सात दिवसांत खुलासा मागणारी तहसीलदारांची नोटीस आली. वनरक्षकांनी दोन सागांचे ताजे बुंधे पाहून ‘ही जागा वनात येते’ असेही बजावले. खोली पाडावी लागेल काय, उरलेले काम पूर्ण करता येईल काय आणि पुतण्या म्हणतो त्याप्रमाणे शनिवार-रविवारी ती भाड्याने देता येईल काय, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

आपल्या पत्रात एक मुद्दा दोनदा आला आहे: खोली लाकडाची आहे, सिमेंटचा वापर नाही, उद्या खोलून नेता येईल, म्हणून तिला परवानगीची गरज नाही. हा युक्तिवाद खुलाशात कृपया घेऊ नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये ‘इमारत’ म्हणजे शेतघर नसलेली कोणतीही वास्तू असा अर्थ दिलेला आहे; ती दगडाची आहे की फळ्यांची, याला तेथे महत्त्व नाही. आपला बचाव त्याच व्याख्येच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे ‘शेतघर’ या शब्दात आहे. संहितेच्या कलम 2(9) प्रमाणे शेतीची अवजारे, खत, वैरण किंवा शेतमाल ठेवण्यासाठी, जनावरे बांधण्यासाठी, अथवा जमीनधारकाच्या कुटुंबातील माणसे, नोकर किंवा कुळे यांना राहण्यासाठी त्या जमिनीवर बांधलेली वास्तू शेतघर ठरते, आणि कलम 41 धारकाला असे शेतघर बांधण्याचा हक्क देते. म्हणून ‘मी अकृषिक वापर केलेलाच नाही, हे कलम 2(9) खालील शेतघर आहे’ ही आपल्या खुलाशाची पहिली ओळ असावी.

मात्र हा हक्क सर्वत्र सारखा मोकळा नाही. सोलापूरसारख्या महानगरपालिकेच्या हद्दीत आणि तिच्या सीमेपासून पाच किलोमीटरच्या आत, तसेच प्रादेशिक योजनेसारखी योजना लागू असलेल्या क्षेत्रात, शेतघरालाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. आपण ‘शेत शहरापासून चौदा किलोमीटरवर आहे’ असे लिहिता. हे अंतर बहुधा आपल्या घरापासून मोजलेले असावे. कायदा ते महापालिकेच्या सीमेपासून मोजतो, आणि 1992 च्या हद्दवाढीनंतर सोलापूरची सीमा जुन्या गावापासून बरीच बाहेर सरकलेली आहे, त्यामुळे घरापासूनचे चौदा सीमेपासून पाचच्या आत येऊ शकतात. नगररचना कार्यालयातून आपल्या गटाचा झोन दाखला घ्या आणि सीमेपासूनच्या अंतराबाबत लेखी माहिती मागा. हे दोन कागद हाती आल्याशिवाय परवानगी लागत होती किंवा लागत नव्हती, यांपैकी कोणतीच गोष्ट ठामपणे लिहू नये.

परवानगी लागत होती असे निघाले, तर आपला खरा प्रश्न ओसरीचा आहे. धारण क्षेत्र 0.4 हेक्टरपेक्षा कमी असेल तर शेतघराला परवानगीच मिळत नाही, 0.4 ते 0.6 हेक्टर असेल तर जोत्याचे क्षेत्रफळ 20 चौरस मीटरपर्यंतच मान्य होते; त्याहून अधिक जमीन असल्यास धारण क्षेत्राचा चाळिसावा हिस्सा किंवा 400 चौरस मीटर यांपैकी जे कमी असेल ती मर्यादा असते, आणि त्यातही राहण्याचा भाग 150 चौरस मीटरच्या वर जाऊ शकत नाही. आपली जमीन 0.52 हेक्टर, म्हणजे आपण 20 चौरस मीटरच्या गटात मोडता. नुसती खोली 216 चौरस फूट, म्हणजे 20.07 चौरस मीटर होते, आणि ओसरी धरली की जोते 26.76 चौरस मीटरवर जाते. ओसरीचे जोते काढून तेथे नुसता मुरूम दाबून घेतला आणि लांबीच्या एका टोकाची दगडी कड एक इंच घडवून कमी केली, तर जोते 19.97 चौरस मीटर राहते. एका इंचासाठी छिन्नी चालवायची हे आपणास हास्यास्पद वाटेल, पण 20.07 हा आकडा असलेल्या नकाशावर सही करण्यास कोणताही अधिकारी तयार होणार नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. आपले क्षेत्र या पट्ट्याबाहेर असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा आणि पर्यायाने या मापांचा प्रश्न उद्भवत नाही. तरीही वास्तू लहान व तळमजल्यापुरती असणे हे तिचे शेतघरपण सिद्ध करण्यास उपयोगी पडते.

ग्रामपंचायतीने घरपट्टी आकारून नमुना नंबर 8 चा उतारा दिला आहे, म्हणून बांधकाम नियमित झाले, असे आपणास कोणी सांगितले असल्यास ते खरे नाही. ती नोंद कराच्या वसुलीपुरती असते. खुलाशासोबत ती जरूर जोडा, परंतु मुख्य भर सातबाऱ्यावरील पीक नोंदींवर ठेवा. ई-पीक पाहणीत आपल्या गटावरील झाडे व बांधावरील पिके नोंदवलेली नसतील तर यंदाच्या मुदतीत नोंदवून घ्या, कारण ज्या जमिनीत शेती दिसत नाही तिच्यावरील शेतघर तहसीलदारांना पटवणे अवघड जाते. पंचनाम्यात ‘फार्महाऊस वजा रिसॉर्ट’ असे शब्द आहेत आणि त्यावर आपली सही आहे, याने घाबरून जाऊ नका. आपण हजर होता एवढेच ती सही सांगते. या शब्दांना आपली हरकत आहे, तेथे आजवर कोणी पैसे देऊन राहिलेले नाही, हे खुलाशात स्वतंत्र परिच्छेद करून लिहा. सात दिवसांत कागद जमणार नसतील तर मुदतवाढीचा अर्ज त्या सात दिवसांच्या आतच द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्क्याची पोच घ्या.

वनरक्षकांच्या म्हणण्याकडे मात्र नोटिशीपेक्षाही अधिक गांभीर्याने पाहावे लागेल. जमीन खरोखर वनात निघाली तर तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी यांची कोणतीही परवानगी उपयोगाची नाही; वनजमिनीच्या वनेतर वापराला 1980 च्या वन कायद्याप्रमाणे केंद्र सरकारची पूर्वमान्यता लागते आणि खाजगी खोलीसाठी ती मिळण्याची आशा धरू नये. सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशात ‘वन’ हा शब्द मालकी कोणाचीही असली तरी त्याच्या रूढ अर्थाने घ्यावा असे म्हटल्यापासून दाट झाडी असलेल्या खाजगी जमिनींवरही हा प्रश्न येतो. आपले बन वडिलांनी पिकाऊ जमिनीत लावलेले आहे, हे जुन्या सातबाऱ्यांवरील ज्वारी-करडईच्या नोंदींतून दाखवता येईल, म्हणून मागील शक्य तितक्या वर्षांचे उतारे काढा. ‘इतर हक्क’ या रकान्यात खाजगी वनाची नोंद आढळली, तर तिचा आधार तपासावा लागेल. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाने 30 ऑगस्ट 1975 रोजी अशा जमिनी शासनाकडे गेल्या, पण पूर्वी केव्हातरी नुसती नोटीस निघाली होती एवढ्यावरून जमीन खाजगी वन ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉइस प्रकरणात 30 जानेवारी 2014 रोजी दिलेला आहे.

आपल्या भागात याशिवाय माळढोक अभयारण्याचा विषय आहेच. 1979 साली ते जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे 8,496 चौरस किलोमीटर होते. पुढे ते कमी करून सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणण्यात आले, त्यामुळे आपला गट पूर्वी आत असून आता बाहेर असणे शक्य आहे. नान्नज परिसरातील शेतकऱ्यांना हा घोळ नवीन नाही. वन्यजीव विभागाच्या कार्यालयाकडे गट क्रमांक देऊन तीन गोष्टी लेखी विचारा: गट अभयारण्यात आहे काय, भोवतालच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात आहे काय, आणि वनखात्याच्या हद्दीपासून किती अंतरावर आहे. सोबत भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, म्हणजे वनखात्याचे प्रतिनिधी हजर असताना खुणा पडतील. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनांमध्ये स्थानिकांना स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या निवासासाठी बांधकाम करण्यास सहसा वाव ठेवलेला असतो, पण हॉटेल-रिसॉर्टसारख्या व्यापारी वापरावर कडक बंधने असतात, आणि पंचनाम्यातला ‘रिसॉर्ट’ हा शब्द नेमका तेथे नडतो.

दोन सागांबद्दल स्पष्ट लिहितो. साग हा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीतला वृक्ष आहे, चिंचही आहे. स्वतःच्या शेतातला असला तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय तो तोडता येत नाही. कडुनिंब तोडला असता तर हा प्रश्न या कायद्याखाली आला नसता. ‘खांब वखारीतून आणले’ असे सांगावे का, असे आपण विचारले आहे. तसे सांगू नये. बुंधा शेतात उभा आहे, त्याचा घेर आणि खांबाचा घेर मोजता येतो, आणि वखारीची पावती मागितली की एका चुकीच्या दोन होतात. झाड स्वतःच्या मालकीचे होते, लाकूड शेताबाहेर गेलेले नाही व विकलेले नाही, हे मान्य करून दंडापुरते प्रकरण संपवणे हिताचे आहे. आणखी लाकूड लागणार असल्यास ते पावती व वाहतूक परवान्यासह आणावे.

उरलेले काम आज थांबवा. नोटीस चालू असताना फळ्या मारणे किंवा शोषखड्डा खणणे याचा अर्थ सुनावणीत आपल्या विरुद्ध लावला जातो. पावसाने लाकूड फुगू नये म्हणून उघड्या बाजूंना ताडपत्री बांधणे, फळ्यांच्या कापलेल्या टोकांना तेल देणे, बुडाशी वाळवीचे औषध घालणे एवढे करण्यास हरकत नाही. त्याआधी चारही बाजूंचे तारखेसह फोटो काढून ठेवा. कृषिपंपाच्या मीटरवरून खोलीत वायर ओढण्याचा विचार सोडून द्या. वीज कायदा, 2003 च्या कलम 126 प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. तूर्त सौर दिवा वापरावा.

भाड्याचा प्रश्न पुतण्यासमोर असा मांडा: ज्या दिवशी पहिला पाहुणा पैसे देऊन राहील, त्या दिवशी शेतघराचा बचाव संपेल. शासनाच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणात एक एकर किंवा अधिक जमीन असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून असा व्यवसाय करता येतो, आणि आपली जमीन त्यात बसते. परंतु त्यासाठी प्रत्यक्ष शेती चालू हवी आणि वन्यजीव विभागाचे उत्तर अनुकूल यावयास हवे. तोवर समाजमाध्यमांवर खोलीचे फोटोही टाकू नयेत.

बहिणीचे नाव सातबाऱ्यावर आहे आणि वाटप झालेले नाही, म्हणून खोलीला तिची हरकत नसल्याचे नोटरीसमोर केलेले संमतीपत्र खुलाशाला जोडा. ते नसेल तर सुनावणीत पहिला प्रश्न त्यावरच येईल. तहसीलदारांचा आदेश विरुद्ध गेला तर कलम 247 खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करता येते. नुसत्या अपिलाने पाडकाम थांबत नाही, त्यासाठी कलम 256 खालील स्थगितीचा अर्ज त्याच दिवशी सोबत द्यावा लागतो. आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठीचा अर्ज निकालाच्या दिवशीच करावा, आणि गट वनहद्दीत आहे असे मोजणीत निघाले तर अपिलात वेळ न घालवता खांब, पत्रा व फळ्या स्वतः उतरवून घ्याव्यात, म्हणजे निदान साहित्य तरी जप्त होणार नाही.