बीडकडं दवाखाना टाकतोयस तर

दवाखाना टाकतोयस, लई बरं वाटलं. एक गोष्ट मात्र आधी सांगतो. दसरा झाला की वस्त्याच्या वस्त्या कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर निघतात, लेकरंही सोबत. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस नेमकी तेव्हाच हुकते. म्हणून गणपतीपासूनच प्रत्येक लेकराचं लसीचं कार्ड मागत जा. साध्या सर्दीसाठी लस पुढं ढकलू नकोस.

उसाच्या फडावरून आणलेली दीड वर्षाची पोर अजून डोळ्यांसमोर आहे. डोळे लाल, नाक वाहतंय, कानामागून पुरळ उतरत आलेलं. आजी म्हणाली, "गोवर आलाय, अंगाला सुई लावू नका." मी चिडलो. आजी पोरीला उचलून निघून गेली, तिसऱ्या दिवशी आली ती न्यूमोनिया घेऊनच. पोर वाचली, पण चूक माझी होती. आजीचं आधी पूर्ण ऐकून घे. घरातला निर्णय तिचाच असतो. मग अ जीवनसत्त्वाचे दोन डोस सलग दोन दिवस दे आणि गोवरची खबर आरोग्य केंद्राला कळव.

लसीचा फ्रिज 2 ते 8 अंशांतच हवा. लाइट गेली की दार उघडायचं नाही. कालवलेली, म्हणजे द्रावण मिसळून तयार केलेली, गोवरच्या लसीची कुपी 4 तासांनी टाकून द्यायची, समोर कितीही रांग असली तरी.