आधी कुणाला सांगितलंत?

"आमच्या संसारात आईवडिलांनी किती बोलायचं?" फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न कधी सून विचारते, कधी जावई. रोख अर्थातच दुसऱ्याच्या आईवडिलांवर असतो.

हे जोडपं आलं ते एका सहीवरून. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवऱ्याचे वडील वारलेले, डिचोलीकडची जमीन विकायचं घाटत होतं. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात. म्हणून वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. गिऱ्हाईक ठरलं, रक्कम ठरली आणि मग सुनेला सासूचा फोन: "शुक्रवारी रजा घे, सही करायची आहे."

"सहीपुरती मी घरची," ती म्हणाली. नवरा गप्प.

मी सासूबद्दल काही बोलेन अशी तिची अपेक्षा असावी. मी नवऱ्यालाच विचारलं, "या जमिनीबद्दल आईला न सांगितलेलं काही आहे तुमच्याकडे?"

बराच वेळ गेला. टेबलावर त्याचा फोन थरथरला, पडद्यावर 'आई'. त्याचा हात सवयीने पुढे गेला, मग त्याने फोन पालथा घातला.

"मला ती विकायचीच नाही. बाबांनी लावलेल्या काजू आहेत तिथे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"आईला सांगितलं तर ती रडणार. तुला सांगितलं तर तू तिच्याशी भांडणार."

तिचा राग तिथेच अर्धा उतरला. पुढच्या भेटीला सासूबाई आल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "हा काही बोलेचना, म्हणून मी ठरवलं."

दोघांमधला ताण सोसेनासा झाला की तिसरं माणूस ओढलं जातं, असं मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने मांडलं. माझं सगळं काम त्यावरच उभं आहे. आपल्याकडे ते तिसरं माणूस बहुतेकदा आई असते, आणि ती आगंतुक नसते. तिला जागा आपणच करून देतो. म्हणून 'आई किती बोलते' हे मी मोजत बसत नाही. पगारवाढ, आजारपण, नोकरीतली कुरकुर आधी कुणाच्या कानावर जाते, एवढंच विचारते. बहुतेकांना उत्तर देताना स्वतःलाच धक्का बसतो.

दोघांचं आधी बोलून होऊ द्या, मग घरी सांगा. आपल्या आईवडिलांशी ज्याने त्याने स्वतः बोलावं आणि "ती म्हणते" ऐवजी "आम्ही ठरवलंय" म्हणावं. भांडण माहेरी सांगितलंत तर समेटही सांगा. आपण रात्री गोड झालेलो असतो आणि तिकडे आई आठवडाभर जावयावर डूख धरून बसते. मारहाण किंवा धमक्या असतील तर मात्र यातलं काहीही लागू नाही. तिथे माहेरी लगेच कळवायचं, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करायचा.

शुक्रवारची सही झाली नाही. जमिनीचं अजून ठरायचंय. नणंदेला ती विकायची आहे, आणि सही तिच्या नवऱ्याचीही लागणारच.