वाचकांचे प्रश्न : दिवंगत शिक्षकांच्या आठवणी लिहिताना

प्रश्न : आमच्या गणिताच्या बाईंचे नुकतेच निधन झाले. त्यांच्या निरनिराळ्या वर्षांच्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून स्मरणिका काढायचे ठरवले असून तिचे संपादन माझ्याकडे आले आहे. लेख भरपूर जमले आहेत. पण लेखकाचे नाव झाकले तर कोणता लेख कोणाचा हे ओळखता येऊ नये, इतके ते सारखे आहेत. प्रत्येकात बाई प्रेमळ, शिस्तप्रिय आणि विद्यार्थ्यांवर आईसारखी माया करणाऱ्या आहेत. बाई तशा होत्याच, पण या लेखांत त्या दिसत नाहीत. काय करावे?

उत्तर : लेख लिहिणाऱ्यांच्या प्रेमाविषयी आपण मनात शंका आणू नये. दुःख ताजे असताना माणूस विशेषणांचा आधार घेतो, कारण त्या वेळी त्याला आपल्या मनात काय दाटून आले आहे ते सांगायचे असते. बाई वर्गात नेमके काय करत, हे आठवायला थोडा वेळ जावा लागतो आणि कोणीतरी विचारावेही लागते. म्हणून लेख परत न पाठवता प्रश्न पाठवावेत. ‘बाईंविषयी लिहा’ असे सांगितले की गौरवाचे भाषण येते. त्याऐवजी उत्तर चुकले की बाईंचे पहिले वाक्य काय असे, कोणालाच उत्तर येत नसेल तेव्हा त्या किती वेळ गप्प राहत, त्यांनी शिकवलेले कोणते उदाहरण आपण आजही त्यांच्याच पद्धतीने सोडवता, असे विचारून पाहावे. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का येतो, किंवा शून्याने का भागता येत नाही, हे बाईंनी कोणाला कसे पटवून दिले ते आवर्जून मागून घ्यावे. अनेक स्मरणिकांमध्ये शिक्षकांचा स्वभाव असतो, त्यांचे कष्ट असतात, त्यांनी केलेली मदतही असते, पण त्यांनी जन्मभर शिकवलेला विषय मात्र कोठेच नसतो, याचे मला फार वाईट वाटते. बाईंनी आयुष्य ज्या गणितात घातले ते गणितच त्यांच्या स्मरणिकेत नसावे, हे योग्य नव्हे.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. सर्वांना एकत्र बसवून आठवणी काढण्यापूर्वी प्रत्येकाकडून त्या एकट्याने लिहून घ्याव्यात. एकत्र बसल्यावर एकाच्या बोलण्यातून दुसऱ्याला आठवते आणि म्हणून जास्त आठवते, असा आपला समज असतो. स्मरणशक्तीच्या अभ्यासकांना मात्र उलट आढळले आहे. तेवढ्याच माणसांनी स्वतंत्रपणे आठवून सांगितलेल्या गोष्टी एकत्र केल्या, तर त्या गटाने मिळून आठवलेल्या गोष्टींपेक्षा अधिक भरतात. 1997 पासून या परिणामाचा विशेष पाठपुरावा झाला आहे. प्रत्येकाच्या आठवणींचा आपला एक क्रम असतो आणि दुसऱ्याचे ऐकत असताना तो मोडतो, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. शिवाय पहिल्याने सांगितलेला ठसठशीत प्रसंग पुढच्या प्रत्येकाच्या लेखात शिरतो. एकत्र जरूर बसावे, त्या बसण्याचे मोल वेगळे आहे आणि शोकात ते फार असते. पण लिहून झाल्यावर बसावे.

मग दोन लेख एकमेकांशी जुळणार नाहीत. एकाच्या लेखी बाई कधी आवाज चढवत नसत आणि दुसऱ्याला त्यांच्या आवाजाचीच धास्ती होती. अशा वेळी सुवर्णमध्य काढू नये, दोन्ही लेख तसेच छापावेत. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसने स्वतः काहीही लिहून ठेवले नाही. त्याच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते मुख्यतः त्याचे शिष्य प्लेटो आणि झेनोफोन यांनी लिहिले म्हणून, आणि या दोघांचा सॉक्रेटिस एक नाही. झेनोफोनचा सॉक्रेटिस व्यवहारातला शहाणा सल्ला देतो, तर प्लेटोचा समोरच्याला त्याच्या खात्रीतून हुसकावून लावतो. दोन्ही चित्रे हाती राहिल्यामुळेच अभ्यासक आजवर त्यांची ताडणी करत आले आहेत.

याच कारणासाठी मूळ हस्तलिखिते आणि वह्या सांभाळून ठेवाव्यात. भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांनी 1907 ते 1911 या काळात जिनिव्हात सामान्य भाषाविज्ञानाचा अभ्यासक्रम तीनदा शिकवला आणि 1913 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्वतःच्या टिपणांत त्या व्याख्यानांचे फारसे काही सापडले नाही. तेव्हा त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा करून 1916 मध्ये ग्रंथ सिद्ध केला. त्या दोघांनी ती व्याख्याने स्वतः ऐकलेलीही नव्हती. विसाव्या शतकातील भाषाविचाराला वळण देणारा हा ग्रंथ विद्यार्थ्यांनी नीट टिपून घेतल्यामुळे उभा राहिला, ही शिकणाऱ्या प्रत्येकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. पुढे त्या वह्यांचा शोध घेतला गेला, तेव्हा संपादकांनी कोठे मांडणी बदलली आणि कोठे भर घातली हेही कळून आले. वह्या शिल्लक नसत्या तर संपादकांचेच शब्द शिक्षकांचे म्हणून कायम झाले असते. आपण लेख संक्षिप्त करणार असाल, भाषा सुधारणार असाल, तर अवश्य करावे. मात्र मूळ प्रत वेगळी ठेवावी.

प्रश्न : आमचे सर सर्वांचे लाडके होते आणि मलाही ते आवडत. पण एकदा माझी चूक नसताना ते मला भर वर्गात फार लागेल असे बोलले, आणि पुढे त्याविषयी एक शब्दही बोलले नाहीत. मला आठवण लिहायला सांगितले आहे आणि हा प्रसंग वगळून माझ्याच्याने पुढे लिहवत नाही. आता ते नाहीत. लिहिणे अन्यायाचे होईल का?

उत्तर : लिहावे. ज्यांना उत्तर देता येणार नाही त्यांच्याविषयी लिहिताना संयम हवा, हे खरे आहे. परंतु संयम म्हणजे मौन, असा अर्थ मी घेत नाही. घडले तेवढेच लिहावे. सर काय बोलले, आपल्याला काय वाटले आणि पुढे काय झाले, एवढे पुरे. त्यांच्या मनात काय होते याचा निवाडा करू नये, कारण ते आपल्याला तेव्हाही माहीत नव्हते. त्याच लेखात आपल्याला ते का आवडत हेही तितक्याच तपशिलाने यावे. ते दुखावणाऱ्या प्रसंगाची भरपाई म्हणून यावे असे मी म्हणत नाही. आपल्या मनात दोन्ही एकत्र आहेत, आणि एकाशिवाय दुसरे लिहिले तर आपलेच लिहिणे आपल्याला परके वाटेल. ज्यांच्यावर जीव असतो त्यांचेच बोलणे इतकी वर्षे सलत राहते, हे वाचणाऱ्यालाही समजते.

एक पथ्य मात्र पाळावे. लेख छापून येण्यापूर्वी सरांच्या घरच्यांना तो वाचायला मिळेल असे संपादकांना सांगावे. त्यांची परवानगी हवी म्हणून मी हे सुचवत नाही. शोकात असलेल्या माणसांना तो मजकूर अनोळखी वाचकांबरोबर अचानक वाचावा लागू नये, इतकाच हेतू आहे. आपला प्रसंग एखाद्या बोलण्यापुरता नसून वारंवार झालेल्या छळाचा असता, तर माझे उत्तर वेगळे असते, कारण त्याची जागा स्मरणिका नव्हे आणि ते ओझे आपण एकट्याने वाहूही नये.

प्रश्न : ज्या शिक्षकांनी मला वाचायला शिकवले, त्यांच्या आजारपणात मला जाणे जमले नाही. अंत्यदर्शनही झाले नाही. आता त्यांच्यावर लिहिण्याचा मला काय अधिकार, असे वाटते.

उत्तर : वर सॉक्रेटिसचा उल्लेख आलाच आहे. इसवी सन पूर्व 399 मध्ये त्याला विषाचा पेला घ्यावा लागला, तेव्हा झेनोफोन मोहिमेवर दूर आशियात होता. प्लेटोने त्या अखेरच्या दिवसाचे जे वर्णन केले आहे त्यात कोण कोण हजर होते ते सांगितले आहे, आणि स्वतःविषयी एवढेच म्हटले आहे की तो बहुधा आजारी होता. आपल्या गुरूला जगाच्या स्मरणात ठेवणारे हे दोघेही त्या घटकेला तेथे नव्हते. लिहिण्याचा अधिकार अखेरच्या भेटीतून येत नाही. त्यांनी आपल्याला वाचायला शिकवले, त्या दिवसांतून तो येतो. जाता आले नाही याची खंत असेल तर ती एका वाक्यात सांगून टाकावी आणि पुढे त्यांच्याविषयी लिहावे, कारण खंत लांबत गेली की लेख आपल्याविषयी होतो.

प्रश्न : सरांच्या लाल शाईतील शेरे असलेल्या वह्या, त्यांची पत्रे आणि वर्गाचे गटछायाचित्र आमच्याकडे आहे. हे कसे जपावे?

उत्तर : प्रथम स्कॅनरने प्रतिमा काढून घ्याव्यात. वह्या आणि पत्रांना इंचाला 300 ठिपके पुरतात, छायाचित्र लहान असेल तर 600 घ्यावेत. शेरा ज्या उत्तरावर आहे ते उत्तरही पानासकट आले पाहिजे, नुसता कापून घेतलेला शेरा निरर्थक होतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. टाचण्या आणि क्लिपा काढून टाकाव्यात, आम्लविरहित कागदात गुंडाळून ऊन आणि ओल यांपासून दूर ठेवावे. छायाचित्राच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने, दाब न देता, वर्ष आणि डावीकडून क्रमाने नावे लिहावीत. हे आताच करावे, कारण नावे सांगू शकणारी माणसेही दरवर्षी कमी होत जातात. पत्रे छापायची असतील तर कागद आपला असला तरी मजकुरावरचा हक्क साधारणपणे लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे वारसांचा असतो, तेव्हा त्यांची लेखी संमती घ्यावी आणि प्रतिमांचा एक संच त्यांनाही द्यावा.