‘मॉड्युलर समीकरण’ म्हणजे सुट्या भागांचं समीकरण नव्हे

एका वाचकाने विचारलं आहे, ‘मॉड्युलर इक्वेशन्स ओव्हर फंक्शन फील्ड्स’ याला मराठीत ‘कार्यक्षेत्रांवरील घटकीय समीकरणे’ म्हटलं तर चालेल का?

मुळीच नाही. ‘कार्यक्षेत्र’ आधी खोडा. तो कचेरीतला शब्द आहे. गणितातलं फंक्शन म्हणजे फलन, म्हणून ‘फलनक्षेत्र’: फलनांचा असा संच, ज्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करता येतात. ‘वरील’ राहू द्या, सहगुणक त्या क्षेत्रातले आहेत एवढंच ते सांगतं.

खरा राग ‘घटकीय’चा येतो. मॉड्युलर दिसलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जोडून उभं करायचं फर्निचर येतं आणि समीकरणाचेही सुटे भाग पाडले जातात. मूळ लॅटिन शब्द ‘मोदुलुस’. ‘मोदुस’ म्हणजे माप आणि ‘-उलुस’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय. म्हणजे छोटं माप. आपल्याकडे ‘माप’ला ‘-टं’ लागून ‘मापटं’ झालं, अगदी तसंच! रोमन वास्तुकार विट्रुव्हियसच्या डोरिक देवळात खांबाची जाडी दोन मोदुलुस आणि उंची चौदा. सगळी इमारत त्या एका मापट्याने मोजायची. सुट्या भागांचा अर्थ या मोजणीतूनच पुढे निघाला. तो नातू आहे, आजोबा नव्हे.

कोशकार लॅटिन ‘मोदुस’चा धातू आणि आपल्या ‘मात्रा’, ‘मान’, ‘प्रमाण’ यांचा ‘मा’ धातू वेगळे दाखवतात. मला ते पटत नाही. दोन्हींचा अर्थ मोजणं, दोन्हींची सुरुवात ‘म’ने, एक दुसऱ्याचंच वाढीव रूप असावं असं माझं ठाम मत आहे. ‘द’ कुठून आला हे विचारणाऱ्यांनी तो प्रत्यय का असू शकत नाही, हेही सांगावं.

गणितात हा शब्द दोन वाटांनी आला. दोन संख्यांना एकाच भाजकाने भागून बाकी सारखी उरली, की त्या संबंधाला एकरूपता म्हणतात; गणिती गाउसने १८०१ साली त्यातल्या भाजकाला मोदुलुस म्हटलं. दुसरीकडे विवृत्तीय संकलांमधल्या (इलिप्टिक इंटिग्रल्स) ‘के’ या राशीला फ्रेंच गणिती लजाँद्रने तेच नाव फ्रेंचमध्ये दिलं. असे दोन संकल एका ठरावीक पटीने जुळतात तेव्हा त्यांच्या ‘के’ आणि ‘एल’ या मापांत जो बैजिक संबंध असतो, तेच मॉड्युलर समीकरण. तिसऱ्या कोटीचं लजाँद्रचं समीकरण बघा: के आणि एल यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, अधिक त्यांच्या पूरक मापांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, बरोबर १. (माप आणि त्याचं पूरक माप यांच्या वर्गांची बेरीज १.) इतकं देखणं समीकरण क्वचितच भेटतं. याकोबीने १८२९च्या ग्रंथात या समीकरणांचा सिद्धांत मांडला, आणि रामानुजनांनी १९१४च्या निबंधात त्यांच्यातून पायची सूत्रं काढली. यात सुटे भाग कुठे आहेत? इथे एक माप दुसऱ्या मापाशी बोलतं.

फलनक्षेत्रावर पूर्णांकांची जागा सांत (मोजक्याच घटकांच्या) क्षेत्रावरच्या बहुपदी घेतात आणि विवृत्तीय वक्रांची (इलिप्टिक कर्व्ह्ज) जागा दुसऱ्या श्रेणीची ड्रिनफेल्ड मॉड्यूल, म्हणजे गणिती ड्रिनफेल्डने मांडलेल्या बीजगणिती रचना. ड्रिनफेल्डने १९७४ साली त्यांना ‘विवृत्तीय मॉड्यूल’ म्हटलं होतं. मात्र हे मॉड्यूल लजाँद्रचं नाही, गणिती डेडेकिंटच्या बीजगणितातलं आहे, जिथे मॉड्यूल ही एक रचना असते, आणि डेडेकिंटचा शब्द गाउसच्या वाटेवरचा. म्हणून ‘ड्रिनफेल्ड मॉड्यूलांची मॉड्युलर समीकरणं’ या शब्दप्रयोगात दोन्ही वाटा एकमेकींना भेटतात. क्रोनेकरची जुनी एकरूपता इथेही टिकते: अविभाज्य बहुपदीशी जोडलेलं मॉड्युलर समीकरण त्याच बहुपदीच्या मापाने तपासलं, की त्याचे दोन साधे अवयव पडतात.

आता ‘मापांक’वाल्यांचं. परिभाषा ठरवणारे काही जण मोदुलुस दिसेल तिथे ‘मापांक’ लिहा म्हणतात. ‘माप’ अचूक आहे, त्याबद्दल शाबासकी. पण ‘अंक’ कशाला चिकटवला? फलनक्षेत्रावर भाजक हा अंक नसतोच, ती बहुपदी असते. आणि समीकरण ज्या दोन राशींना बांधतं तीही साधारणपणे फलनंच असतात. ड्रिनफेल्डच्या मॉड्यूलाला मापांक म्हणणं तर साफ चूक, कारण ती एक रचना आहे. तिथे ‘मॉड्यूल’च ठेवा. समीकरणासाठी मी ‘मापसमीकरण’ लिहितो आणि पहिल्या उल्लेखात शेजारी ‘मॉड्युलर’ देतो.