गोव्याहून बेळगावला येताना चोर्ला घाटात टेम्परेचरचा काटा वर जातोय, नॉर्मल आहे का?

थोडा वर गेला तर टेन्शन नको, गरम इंजिनात कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) साधारण 85 ते 105 डिग्री असतंच आणि एसी लावून सेकंड गिअरमध्ये चढ म्हटल्यावर काटा हलणारच की. लाल पट्टीला टेकला तर मात्र एसी बंद, हीटर फुल करा आणि जागा बघून गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. रेडिएटरची कॅप लगेच उघडू नका हां, आमच्या खानापूरच्या पाव्हण्यानं उघडली आणि हात भाजून घेतला. थंड झाल्यावर बाटलीत कूलंट मिन-मॅक्सच्या मधे आहे का बघा. बेळगावात गोगटे सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये तापते पण हायवेला काटा खाली येतो असं असेल तर बहुतेक रेडिएटरचा फॅन नाहीतर त्याचा रिले (फॅन चालू करणारा स्विच) गेलाय, हायवेला पण तापत असेल तर रेडिएटर चोक किंवा थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय. कूलंट सारखं कमी होतंय आणि गळती कुठंच दिसत नाही, मग हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) चेक करून घ्या.