‘तिथली पोरंच निघून चालली, मग तू कशाला?’

(नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मृणाल माझ्याकडे करिअरच्या सल्ल्यासाठी पहिल्यांदा आली ती एकटीच. वय २६. बीकॉम, सीए इंटर पास, फायनलचे दोन प्रयत्न हुकलेले, नागपुरात एका ऑडिट फर्ममध्ये नोकरी. बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, मला तिबेटी निर्वासितांसाठी काम करायचंय. घरी सांगितलं तर तीन दिवस कोणी धड बोललं नाही."

नोकरी सोडून संस्थेत जायचं म्हणणारी मुलं माझ्याकडे नेहमी येतात. कोणाला आदिवासी शाळेत शिकवायचं असतं, कोणाला पाण्याचं काम करायचं असतं. त्यांची आणि त्यांच्या आईवडिलांची काळजी मात्र एकच असते. यात पोट भरेल का, आणि पाच वर्षांनी मन उडालं तर परतीची वाट राहील का? तिबेटी वसाहतीचं नाव घेऊन आलेली मृणाल पहिलीच.

तिच्यापुरतं ते नाव दूरचं नव्हतं. तिचं बालपण गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गेलं. तिथे गोठणगावजवळ नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासूनची. भाताची शेती, गोम्पा म्हणजे बौद्ध मठ, वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताका. शाळेतली तिची जिवलग मैत्रीण तिथली. लोसारच्या, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या दिवशी तिच्या घरी लोणी घातलेला खारट चहा प्यायलेला मृणालला अजून आठवत होता. "ही संस्कृती संपत चाललीय मॅडम. ती वाचवायला हवी," ती म्हणाली.

मी तिला सरळच विचारलं, "तू त्यांच्याकडे निघालीयस, की सीए फायनलपासून पळतेयस?"

तिचे डोळे भरून आले. प्रश्न चुकीचा नव्हता, पण पहिल्याच भेटीत तो टाकायला नको होता हे मला तेव्हाच जाणवलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "दोन्ही खरं आहे." तिच्यावर माझा विश्वास बसला तो या उत्तरामुळे. हेतू गंगाजळासारखा निर्मळ असल्याशिवाय समाजकार्यात पाऊल टाकू नये असं पुष्कळांना वाटतं. माझा अनुभव तसा नाही. एका गोष्टीला कंटाळून दुसरीकडे गेलेली माणसं तिथे मनापासून रमलेली मी पाहिली आहेत. कशाचा भार किती, एवढं आपलं आपल्याला ठाऊक असावं.

दुसऱ्या भेटीला वडील सोबत आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. शांत, पण ठाम माणूस. पगाराचं, लग्नाचं बोलणं होईल असं मी धरून चालले होते. त्यांनी वेगळंच विचारलं. "मॅडम, मी त्या लोकांना तीस वर्षं पाहतो. माणसं लाखमोलाची आहेत. पण तिथली पोरं स्वतःच कॅनडाला, अमेरिकेला जाऊन राहिली, अन् ही तिकडे निघाली. तिथली पोरंच निघून चालली, मग तू कशाला, एवढंच हिने मला सांगावं."

मला उत्तर देता आलं नाही आणि मी ते बनवलंही नाही. गुरुजींचं निरीक्षण खरंच होतं. तिबेटमधून नव्याने येणाऱ्यांचा ओघ २००८ नंतर आटला, इथे जन्मलेली तरुण पिढी परदेशी जाऊ लागली आणि वसाहतींमधल्या शाळांना मुलं कमी पडू लागली. मी मृणालला म्हटलं, हा प्रश्न घेऊन आठ-दहा दिवस नोर्गेलिंगला जाऊन राहा. काही वाचवायला जाऊ नकोस. नुसती राहा.

ती गेली डिसेंबरात. पाहते तर निम्म्या घरांना कुलपं. हिवाळ्यात कमावती माणसं स्वेटर विकायला बाहेर पडतात. नागपूर-पुण्यात आपण थंडीत ज्या तिबेटी बाजारातून स्वेटर घेतो, तो याच लोकांचा. माल लुधियानाच्या व्यापाऱ्यांकडून, पुष्कळदा उधारीवर उचलायचा, तीन-चार महिन्यांत विकायचा, उधारी फेडायची आणि लोसारपर्यंत घरी परतायचं. मागे उरतात म्हातारी माणसं आणि लहान मुलं.

मैत्रिणीची आजी, म्हणजे मो-ला, घरात एकटीच होती. तिबेटमधल्या १९५९ च्या चीनविरोधी उठावानंतर आईच्या पाठोपाठ हिमालयाच्या खिंडी ओलांडून आलेली. आईने हिमाचलात रस्त्याच्या कामावर खडी फोडली, आणि पुढे कुटुंब या जंगलाच्या कडेला येऊन स्थिरावलं. मृणाल तिला जुन्या आठवणी विचारायला गेली होती. मो-लाने तिच्यापुढे एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत बँकेचं पासबुक, विम्याचा कागद, नातीने टोरांटोहून पाठवलेल्या पैशांच्या पावत्या आणि आरसी, म्हणजे परकीय नागरिक म्हणून असलेलं नोंदणी प्रमाणपत्र. आयुष्य भारतात गेलेल्या माणसालाही ते वेळोवेळी नव्याने करून घ्यावं लागतं. "हे बघून देशील?" मो-लाने हिंदीत विचारलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांची पिशवी आली. मग आणखी दोन. दहा दिवसांत कोणीही तिला संस्कृती वाचवायला सांगितलं नाही.

परत आल्यावर ती वडिलांना माझ्यासमोरच म्हणाली, "बाबा, तिथली पोरं गेली, म्हणूनच कागद बघायला कोणी उरलेलं नाही." गुरुजी काही बोलले नाहीत. पण पुढच्या भेटीला ते स्वतःहून आले.

इथून पुढे आम्ही करिअरचं बोललो. हिमाचलातल्या धरमशाला परिसरातल्या तिबेटी संस्थांची मृणालला माहिती होती: १९५९ पासून लामो हे संगीतनाट्य जपणारी तिबेटी कलासंस्था, १९६० साली निर्वासित मुलांच्या पाळणाघरातून उभं राहिलेलं तिबेटियन चिल्ड्रन्स व्हिलेज, १९७० चं ग्रंथालय आणि अभिलेखागार, थांका म्हणजे कापडावरची बौद्ध धार्मिक चित्रं आणि लाकडी कोरीवकाम शिकवणारी नोर्बुलिंका ही संस्था. "यात मी कुठे?" तिने विचारलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं की चित्रं, ग्रंथ, नाट्य हे काम मुख्यतः त्यांचं आहे आणि ते त्यांच्याच हाती राहायला हवं. थांका चित्रकार व्हायला वर्षानुवर्षं गुरूपाशी बसावं लागतं. आपण हौसेने मदतीला धावावं अशी ती जागा नाही.

पण या संस्थांचा मोठा आधार परदेशातून येणारा पैसा आहे, आणि त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतो. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. आलेली देणगी पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. हिशेबात चूक झाली तर नोंदणीच धोक्यात. शिवाय कर्नाटकातल्या बायलकुप्पे, मुंडगोडसारख्या तिबेटी वसाहतींत राहायला परदेशी कार्यकर्त्याला गृहखात्याची परवानगी काढावी लागते. भारतीय माणूस सरळ जाऊ शकतो. हे सांगताना मृणालचा चेहरा बदलत गेला. ज्या हिशेबाचा तिला वीट आला होता, नेमका तोच तिथे हवा होता.

याच वळणावर पुष्कळ मुलं चुकतात. सेवा करायची म्हणजे हातातलं कौशल्य टाकून नव्याने सुरुवात करायची, अशी त्यांची समजूत असते. समाजकार्यात एमएसडब्ल्यू करणं उत्तमच, पण अकाउंटंट, वकील, नर्स, ग्रंथपाल, समुपदेशक यांची गरज या क्षेत्रात कायम असते.

मग आकडे. नागपुरात तिला ३४,००० मिळत होते. धरमशालाजवळच्या एका छोट्या संस्थेने २५,००० आणि राहायला खोली देऊ केली. आम्ही कागदावर मांडलं: सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा, आरोग्य विमा स्वतःचा, पहिला करार दोन वर्षांचा. सीए सोडायचं नाही, ही गुरुजींची अट. मी एकच भर घातली. मुलाखतीत विचार, माझा पगार कोणाच्या पैशातून येणार आणि तो पैसा कधीपर्यंत मंजूर आहे? ही विचारणा मुलांना उद्धट वाटते. माझ्या मते ती न करणं हा स्वतःवर अन्याय आहे, आणि जी संस्था यावर रागावते तिथे जाऊच नये. या संस्थेने नीट उत्तर दिलं: निम्मा पगार अमेरिकी मदतीवरच्या प्रकल्पातून.

ती २०२४ च्या उन्हाळ्यात रुजू झाली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि अनेक तिबेटी संस्थांच्या प्रकल्पांना धक्का बसला. मृणालचा पगार निम्म्यावर आला. तिचा फोन आला तेव्हा आवाज घट्ट होता, रडका नव्हता. "कोणता निम्मा जाणार हे मला माहीत होतं," ती म्हणाली. बाबांनाही कळवलं होतं. ते ‘परत ये’ म्हणाले नाहीत. बाजूला ठेवलेल्यातले किती महिने उरलेत, एवढंच त्यांनी विचारलं.

चार महिने तिने तसेच काढले. मग दुसऱ्या देणगीदाराकडून तिच्या पदाची सोय झाली. ती कायमची आहे असं मी म्हणणार नाही; तीही म्हणत नाही. दरम्यान सीए फायनलचा एक ग्रुप ती पास झाली. ग्रंथालयाच्या भाषावर्गात तिबेटी शिकतेय. मुळाक्षरं क, ख, ग, ङ अशी सुरू होतात, मध्ये घ नाही, हे तिने वडिलांना कळवल्यावर गुरुजींनी ती वहीत उतरवून घेतली.

परवा पुन्हा बोलणं झालं. नोर्गेलिंगच्या म्हाताऱ्या माणसांच्या त्या पिशव्या अजून तिच्या मनात आहेत. हिवाळ्यात दोन-तीन महिने तिथे राहून कागदपत्रं, दवाखाना, बँक एवढं बघणारं कोणी एमएसडब्ल्यूचं विद्यार्थी मिळेल का, असं तिने विचारलं. हिंदी आली तरी चालेल. फक्त ऑक्टोबरच्या आधी यायला हवं, म्हणजे स्वेटरवाले निघण्यापूर्वी घरोघरी ओळख करून देता येईल. मी अशा दोन विद्यार्थ्यांना तिचा निरोप दिला आहे.