फिजिशियन असिस्टंटचा फॉर्म भरण्याआधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

नीटमध्ये मार्क कमी पडले म्हणून फिजिशियन असिस्टंटला जाऊ दे का, असं तुझ्या आईने फोनवर विचारलं. मी तेव्हा हो म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. हे पत्र तुलाच लिहिते आहे, कारण ठरवायचं तुला आहे.

आधी काम समजून घे. फिजिशियन असिस्टंट म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंटचं काम बघणारा, त्यासाठी शिकलेला माणूस, आणि मी तेच काम करते. सर्जन राउंडला येण्याआधी मी प्रत्येक पेशंटपाशी जाते. रात्री ताप आला का, ड्रेनमध्ये, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत, किती आलं, लघवी किती झाली, सकाळचे रिपोर्ट काय म्हणतात, हे बघून केसपेपरवर लिहिते आणि राउंडला सरांना सांगते. मग ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. दुपारी डिस्चार्जचे कागद आणि नातेवाईक. बायपास झालेला जतचा शेतकरी विचारतो, ट्रॅक्टर कधी चालवू? त्याला नीट बसवून सांगावं लागतं की छातीचं हाड कापून तारेने बांधलंय, ते जुळायला दोन-तीन महिने लागतात, तोवर पाण्याची घागरसुद्धा उचलायची नाही. डॉक्टरांना एवढी सवड मिळत नाही. ते समजावणं माझ्याकडे असतं आणि या कामातलं मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

पण उपचाराचा शेवटचा निर्णय आणि सही डॉक्टरांची, आज आणि वीस वर्षांनीही. हे रोज मनाला लागणार असेल तर या वाटेला येऊ नकोस, नीट पुन्हा दे. आणि ‘डॉक्टर नाही तर निदान हे’ असं घरात कुणी म्हणत असेल, तर ते मनावर घेऊन फॉर्म भरू नकोस. आपल्या देशात हा कोर्स १९९२ मध्ये मद्रास मेडिकल मिशन या हॉस्पिटलात सुरू झाला, तो हृदयशस्त्रक्रियेच्या टीमला अशी शिकलेली माणसं हवी होती म्हणून. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात या व्यवसायाचा स्पष्ट उल्लेख आहे.

कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस, हॉस्पिटल बघ. डिग्री कुठल्या विद्यापीठाची? वॉर्ड आणि ओटी कॉलेजच्या स्वतःच्या हॉस्पिटलात आहेत की मुलांना दुसरीकडे पाठवतात? इंटर्नशिपमध्ये मुलं पेशंट तपासतात की फायली घेऊन मजले चढतात? हे ऑफिसात विचारून कळणार नाही. मागच्या बॅचच्या दोन-तीन मुलींचे नंबर मिळव आणि त्या आज कुठे, कशावर काम करतात ते विचार. नंबर द्यायला कॉलेज कां-कूं करत असेल तर तिथे पैसे भरू नकोस. फी सगळ्या वर्षांची, हॉस्टेल आणि परीक्षेसकट, कागदावर लिहून घे.

आता अमेरिकेचं. “हा कोर्स केला की अमेरिकेत नोकरी” असं सांगणारे एजंट सांगलीतही भेटतात. ते खोटं आहे. हा व्यवसाय १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात नौदलातून आलेल्या चौघांपासून सुरू झाला, हे खरं. पण तिथे तो आज मास्टर्सचा कोर्स आहे, साधारण सव्वादोन वर्षांचा. काम करायला लागणाऱ्या लायसन्ससाठीची तिथली पॅन्स परीक्षा फक्त एआरसी-पीए या संस्थेची मान्यता असलेल्या तिथल्याच कोर्समधून पास झालेल्यांना देता येते. इथल्या डिग्रीवर तिला बसताच येत नाही. तिथे शिकायचंच असेल तर आधी पदवी, मग कॅस्पा नावाच्या सामाईक अर्जातून प्रवेश. पेशंटबरोबर प्रत्यक्ष काम केल्याचे शेकडो तास बऱ्याच ठिकाणी मागतात, आणि अनेक कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत. म्हणून एजंटाच्या शब्दावर बाबांना जमीन गहाण टाकू देऊ नकोस.

अर्जात किंवा मुलाखतीत ‘लहानपणापासून सेवेची आवड’ हे वाक्य नको, ते प्रत्येकजण लिहितो. आजोबांना डायलिसिसला तूच न्यायचीस ना? तिथे तासन्‌तास बसून काय पाहिलंस ते लिही. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शिरा जोडलेल्या, हाताला बीपीचा पट्टा बांधू नका, हे ते प्रत्येक नव्या सिस्टरला सांगायचे. ती गोष्ट पेशंटलाच का सांगावी लागत होती, यावर तुझं म्हणणं काय? तेच लिही. ‘एमबीबीएस का नाही?’ हा प्रश्न नक्की येईल. नीटचे मार्क लपवू नकोस, सरळ सांग आणि मग या कामातलं तुला काय हवंय ते सांग.

काम बघायला लांब जायला नको. मिरजेत मोठं हॉस्पिटल आहे, कराडलाही आहे. माझ्या वॉर्डात यायचं असेल तर पुढच्या आठवड्यात कळव, मी सरांची परवानगी काढते. सकाळी साडेसातला पोचशील अशा बेताने निघ, चपला नको, बूट घाल, आणि वही आण. अर्जाचा मजकूर आधी मराठीत लिहून आणलास तरी चालेल, इंग्रजी आपण दोघी बसून करू.

तुझी,
मावशी